चीज कुणाची?

माझ्या कादंबरीवरून माझे नाव गळाले, तर मी प्रकाशकाच्या दारात जाऊन भांडेन. मग दुसऱ्याच्या चिजेवरून त्याचे नाव गाळताना मला काहीच कसे वाटले नाही?

काही वर्षांमागची गोष्ट. आमच्या पेडगावच्या शाळेत एका मुलीने स्नेहसंमेलनात मारुबिहागातली एक चीज म्हटली. मोबाइलवर ऐकून ऐकून बसवलेली. टाळ्या झाल्या. नंतर तिने विचारले, "गुरुजी, ही रचली कुणी?" मी मॅट्रिक झालेला मास्तर, 'ठाऊक नाही' म्हणण्याची सवय नाही. म्हणालो, "जुनी आहे. पारंपरिक."

ती चीज डॉ. प्रभा अत्रे यांची होती, आणि बाई तेव्हा हयात होत्या! १९३२ चा जन्म. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी. सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट. मुंबईच्या महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग बांधले, आपल्या बंदिशींची पुस्तके काढली. २०२२ साली पद्मविभूषण. १३ जानेवारी २०२४ रोजी निधन. एवढे कर्तृत्व मी 'पारंपरिक' या एका शब्दात पुरून टाकले.

जाणकार म्हणतील, नव्या चिजांना जुन्यांची सर नाही. अहो, अठराव्या शतकात सदारंगाच्या चिजाही नव्याच होत्या. आणि त्याने त्यांत आपले नाव गुंफून ठेवले! कुणी म्हणेल, गाणे गाणाऱ्याचे. रचणाऱ्याला काय विचारायचे? त्याने आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडला यावे. तिथल्या जनाबाईचे नाव सातशे वर्षे टिकले, कारण ते अभंगाच्या शेवटी आहे आणि आमचा अडाणी म्हटला जाणारा टाळकरी ते कधी गाळीत नाही. गाळतो तो शिकलेला रसिक. त्याच्या मैफलीच्या पत्रिकेवर राग असतो, ताल असतो, मंडपवाल्याचेसुद्धा नाव असते. चीज बांधणाऱ्याचे तेवढे नसते.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. तिला मी निरोप धाडला, चूक माझी होती. यंदा आमच्या संमेलनाच्या पत्रिकेत प्रत्येक गाण्यापुढे रचणाऱ्याचे नाव छापायचे ठरवले आहे. मंडपवाल्याचे त्याखाली.