क्षमा पीडितांची, माफी सरकारची

हिंस्र गुन्ह्यानंतर न्याय कोणता, या प्रश्नाभोवतीची चर्चा आपल्याकडे बहुधा फाशी की जन्मठेप, एवढ्यावरच घुटमळते. गुन्हेगाराला क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. दोन गाजलेल्या खटल्यांनी या प्रश्नाच्या परस्परविरोधी बाजू समोर आणल्या आहेत.

ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन लहान मुले यांना जमावाने गाडीतच जिवंत जाळले. स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांची गल्लत करू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. कायद्याने आपले काम केले. मुख्य आरोपी दारासिंग याला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जन्मठेप कायम केली. पीडितेने मनातला द्वेष सोडला, पण शासनाने शिक्षा सोडली नाही.

बिल्किस बानो प्रकरणात नेमके उलटे घडले. २००२ च्या गुजरात दंगलीत तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या चिमुकल्या मुलीसह अनेक नातलगांची हत्या झाली. निःपक्ष सुनावणीसाठी खटला मुंबईत वर्ग करण्यात आला आणि २००८ मध्ये येथील विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप ठोठावली. गुजरात सरकारने मात्र १५ ऑगस्ट २०२२ रोजी या सर्वांना मुदतपूर्व सोडले. तुरुंगाबाहेर त्यांचे हारतुरे घालून स्वागत झाले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षामाफी रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालल्यामुळे माफीचा निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

हा निकाल दिलासा देणारा असला, तरी तो प्रामुख्याने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर उभा आहे. उद्या योग्य राज्याच्या सरकारने असाच निर्णय घेतला, तर पीडितेचे म्हणणे कोण ऐकणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील विसंगती येथे ठळकपणे जाणवते. खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी देण्यापूर्वी पीडितांना म्हणणे मांडण्याची संधी देणे कलम ३६० ने बंधनकारक केले. शिक्षामाफीविषयीच्या कलम ४७३ मध्ये मात्र अशी तरतूद नाही. दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाचे मत मागवता येते, पण ज्याने घाव सोसला त्याला विचारण्याचे बंधन नाही.

याचा अर्थ कैद्याची सुटका पीडितांच्या मर्जीवर सोपवावी, असा नव्हे. तसे झाल्यास शिक्षेचे रूपांतर सूडात होईल किंवा गावातील बलवंत धाकदपटशाने संमती मिळवतील. सुधारलेल्या कैद्याला समाजात परतण्याची संधी मिळायलाच हवी. परंतु निर्णयापूर्वी पीडितांना कळवणे, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करणे आणि त्यांच्या आक्षेपांना सकारण उत्तर देणे, एवढे तरी शासनाचे कर्तव्य ठरते. क्षमा ही पीडिताच्या अंतःकरणातून येते. शिक्षामाफी हा प्रशासकीय आदेश असतो. दुसरीला पहिलीचे नाव दिले, की न्यायावरचा विश्वास डळमळू लागतो.