बेकारी मोजावी कशी?

देशातील बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के आहे, असे नियतकालिक श्रमबल पाहणीचा २०२३-२४ चा अहवाल सांगतो. आकडा खोटा नाही. पण तो निघतो कसा, हे वाचकांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या हजार माणसांत काम करणारे, शोधणारे वा कामास उपलब्ध असणारे ६०१, पैकी कामावर ५८२. उरले १९. या १९ ना हजाराने नव्हे, ६०१ ने भागावयाचे. (आमचे विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.) आता या १९ पैकी पाचांनी निराश होऊन काम शोधणेच काय, कामास उपलब्ध राहणेही सोडले, असे समजा. ते श्रमबलातूनच वगळले जातात. १४ भागिले ५९६, म्हणजे दर २.३ टक्क्यांवर येतो. नोकरी मात्र एकालाही लागलेली नसते.

कामावर कोणास म्हणावे, हा प्रश्न याहून अवघड. वर्षात तीस दिवस काम केले तरी 'नेहमीच्या स्थिती'च्या मोजणीत माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात विनावेतन राबणाराही. कळंबच्या परिसरातील एखादा पदवीधर वर्षभर स्पर्धा-परीक्षांचे अर्ज भरतो आणि टोमॅटोच्या हंगामात महिनाभर घरच्या वावरात क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात पोहोचवितो. तो स्वतःला बेकार म्हणवितो. सरकारी तक्त्यात तो रोजगारात आहे. स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. गोठा सांभाळणाऱ्या बाईची गणना व्हावी हे न्याय्यच. परंतु ही सारी वाढ म्हणजे नव्या नोकऱ्या, असे म्हणणे धाडसाचे होईल.

ही शंका नवी नाही. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्येच एका आकड्यात बेकारी बसविण्यास नापसंती दर्शविली होती. त्यानंतरच्या १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत माणसांबरोबर कामाचे दिवसही मोजले गेले. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालील हजेरीपटांवरही मोजले गेले ते दिवसच. म्हणून ३.२ चा आकडा छापताना त्याच ओळीत दोन आकडे आणखी छापावेत: कामावर म्हणून गणलेल्यांना वर्षात सरासरी किती दिवस काम मिळाले, आणि त्यांतील किती दिवसांची मजुरी हाती पडली.