विश्लेषण : रॉकेटचा बूस्टर समुद्रातल्या बार्जवर का उतरवतात? भारताला त्याचा किती फायदा?

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्लू ओरिजिन कंपनीच्या ‘न्यू ग्लेन’ रॉकेटचा बूस्टर अटलांटिक महासागरातल्या ‘जॅकलिन’ नावाच्या जहाजावर अलगद उतरला. तोपर्यंत उपग्रह कक्षेत नेणाऱ्या रॉकेटचा बूस्टर असा उभा उतरवणं फक्त स्पेसएक्सला जमलं होतं. आता चीनच्या कंपन्याही प्रयत्न करत आहेत. भारतानेही पुन्हा वापरता येईल अशा रॉकेटचं काम हाती घेतलंय. पण बूस्टर समुद्रातच का उतरवायचा? आणि आपल्याला हे खरंच परवडेल का?

बूस्टर म्हणजे नेमकं काय?

रॉकेटचा सर्वांत खालचा, सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग भाग. तो साधारण अडीच-तीन मिनिटं जळतो, वेगळा होतो आणि खाली पडतो. आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटला दोन्ही बाजूंना ‘एस-२००’ नावाचे घन इंधनाचे बूस्टर असतात. त्यांच्या कवचाचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरमध्ये आणि मुंबईत एल अँड टीच्या पवईतल्या कारखान्यात बनतात. मधल्या टप्प्यातलं ‘विकास’ इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्येही तयार होतं. अनेक महिन्यांची ही मेहनत प्रत्येक उड्डाणात काही मिनिटांत समुद्रात जाते.

मग जमिनीवर का नाही उतरवत?

उतरवतातही. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांना घेऊन गेलेल्या फाल्कन-९ चा बूस्टर फ्लोरिडात जमिनीवरच परतला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताचा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह फाल्कन-९ ने सोडला, तेव्हा बूस्टर समुद्रातल्या बार्जवर उतरला.

फरक आहे इंधनाचा. समजा, वाशीहून निघालेल्या टेम्पोने लोणावळ्यात माल उतरवला. त्याला वाशीला परतायचं असेल, तर टाकीत परतीचं डिझेल राखून ठेवावं लागेल. लोणावळ्यातच गाडी लावायची सोय झाली, तर तेवढं डिझेल वाचेल. रॉकेटचंही तसंच आहे. वेगळा होताना बूस्टर वर जातो तसाच पुढेही प्रचंड वेगात जात असतो. त्याला उलट फिरवून आणायला खूप इंधन लागतं. तो पुढे जाईल तिथेच बार्ज उभा केला, तर वाचलेल्या इंधनाच्या बदल्यात जड उपग्रह नेता येतो.

समुद्रात नुसता पाडून उचलता येणार नाही?

अमेरिकेच्या स्पेस शटलचे बूस्टर असेच पॅराशूटने समुद्रात पडायचे. ‘लिबर्टी स्टार’ आणि ‘फ्रीडम स्टार’ ही दोन जहाजं ते ओढून आणायची. पण खाऱ्या पाण्याने खराब झालेला बूस्टर पूर्ण सुटा करून, साफ करून पुन्हा जुळवावा लागायचा. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जायचे.

बार्जवर बूस्टर कोरडाच राहतो. स्पेसएक्सला हे पहिल्यांदा ८ एप्रिल २०१६ रोजी जमलं. आज त्यांच्या एकेका बूस्टरने ३० पेक्षा जास्त उड्डाणं केली आहेत.

यात नवी मुंबईचा काय संबंध?

यातलं निम्मं काम दर्यावर्दी लोकांचं आहे. लागतो सपाट डेकचा बार्ज, त्याला ओढणारी टग, मदतीचं जहाज आणि ‘डायनॅमिक पोझिशनिंग’. म्हणजे उपग्रहाकडून आपली जागा समजून घेत, नांगर न टाकता, छोट्या प्रॉपेलरच्या जोरावर एकाच ठिकाणी उभं राहणं. मुंबई हायच्या तेलविहिरींना सामान पोहोचवणारी जहाजं हेच तंत्र वापरतात आणि त्यांचा मोठा तळ ओएनजीसीच्या न्हावा सप्लाय बेसवर आहे. जहाजावरचे अधिकारी घडवणारं टी. एस. चाणक्यही नवी मुंबईतच, करावे इथे आहे.

अर्थात, रॉकेट श्रीहरिकोटाहून पूर्वेकडे सुटतात. त्यामुळे असा बार्ज उभा राहील तो बंगालच्या उपसागरात, न्हाव्याच्या धक्क्यावर नाही. पण कौशल्याला किनारा नसतो.

धोका कुठे आहे?

समुद्रातच. डिसेंबर २०२३ मध्ये १९ उड्डाणं केलेला फाल्कनचा बूस्टर बार्जवर नीट उतरला, पण बंदराकडे येताना जोराच्या वाऱ्यात आणि लाटांत आडवा झाला. बूस्टर उतरताना बार्जवर एकही माणूस ठेवत नाहीत. बार्ज वादळात सापडला तर काय होतं, हे मुंबईला वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ बार्ज बुडाला आणि त्यावरच्या अनेक कामगारांचा जीव गेला. बंगालच्या उपसागरात तर चक्रीवादळं जास्त होतात.

भारत कुठवर पोहोचलाय?

एस-२०० उतरवता येणार नाही. घन इंधन एकदा पेटलं की विझवून पुन्हा पेटवता येत नाही. म्हणून नवं रॉकेट हवं. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एनजीएलव्ही’ला मंजुरी दिली. खर्च ८,२४० कोटी रुपये. यात मिथेन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारी इंजिनं असतील आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल. सरकारच्या म्हणण्यानुसार ते एलव्हीएम-३ च्या तिप्पट वजन नेईल, दीडपट खर्चात.

समुद्रातून वस्तू परत आणायचा अनुभव आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानच्या चाचणीतलं क्रू मॉड्यूल पाण्यात उलटं झालं होतं, तरी नौदलाने ते सुखरूप आणलं. पण तरंगणारी कुपी उचलणं आणि उंच बूस्टर डेकवर उभा उतरवणं यात मोठं अंतर आहे.

खरा प्रश्न कोणता?

उड्डाणांच्या संख्येचा. बार्ज, टग आणि माणसं यांचा खर्च रॉकेट उडो न उडो, चालूच राहतो. २०२४ मध्ये फाल्कन रॉकेटची १३० पेक्षा जास्त उड्डाणं झाली. इस्रोची वर्षाची उड्डाणं अजून एक आकडी आहेत. वर्षाला दोन-चार वेळाच लागणारा बूस्टर परत आणला, तर बचत फारशी होत नाही; उलट वालचंदनगर, विक्रोळीसारख्या ठिकाणांची कामं कमी होऊ शकतात. उड्डाणं वाढली, तर मात्र तेच कारखाने वरच्या टप्प्यांच्या आणि दुरुस्तीच्या कामात गुंततील.

म्हणून पुढची काही वर्षं बूस्टर उतरल्याच्या व्हिडिओबरोबरच आणखी एका आकड्याकडे लक्ष ठेवायला हवं : वर्षभरात श्रीहरिकोटाहून किती रॉकेट सुटली? बार्ज विकत घ्यायचा की नाही, हे त्यावरच ठरेल.