टिक ते टिक

आदिलाबाद आणि यवतमाळ यांच्यामधली सीमा पैनगंगेच्या पात्रातून जाते. चनाखा-कोरटा बंधाऱ्याचा करार 23 ऑगस्ट 2016 रोजी मुंबईत झाला आणि हे पाणी दोन राज्यांच्या हिशेबाचे झाले. हिशेब करायचा तर आधी वेग मोजावा लागतो. म्हणून या महिन्यात लिहायचे आहे ते कप-मीटरच्या फेऱ्यांबद्दल.

जुने निरीक्षक कानाला हेडफोन लावून मीटरची दर फेऱ्याला होणारी टिक ऐकत. पहिल्या टिकेला स्टॉपवॉच सुरू करायचे आणि ती मोजायची शून्य. चाळीसेक सेकंद उलटले की पुढच्या टिकेवरच बंद करायचे. फेरे नेहमी पूर्ण, आणि मोजला जाई तो वेळ. आपण डेटा लॉगर बसवले आणि नेमकी हीच शिस्त सोडली. काउंटरला 60 सेकंदांचे गेट दिले, त्यात येतील ते पल्स मोजले.

पावसाळ्यात हे खपून जाते. पण फेब्रुवारीत पाणी सेकंदाला 10 सेंटिमीटरने सरकत असते, तेव्हा कपांचा एक फेरा साधारण पावणेसात सेकंदांचा. मिनिटात फेरे नऊ. गेटच्या कडेला एक पल्स इकडचा तिकडे झाला की अकरा टक्क्यांची चूक! हाच काउंटर पिरियड मोडवर लावा, म्हणजे दोन पल्समधला वेळ मोजा. 1 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एका फेऱ्यात सुमारे 67 लाख ठोके पडतात आणि एका ठोक्याची चूक कुठल्या कुठे विरते. मग उरते ती क्रिस्टलची अचूकता आणि पाण्याची स्वतःची खळबळ. त्या खळबळीसाठी एका फेऱ्यावर विसंबू नका. दहा-वीस फेऱ्यांचे ठोके एकत्र घ्या आणि एकूण फेऱ्यांना एकूण वेळेने भागा. प्रत्येक फेऱ्याचा वेग काढून त्यांची सरासरी घेतली तर उत्तर वरच्या बाजूला झुकते.

इथे काउंटरची रुंदी बघावीच लागते. 16 बिटांचा काउंटर या क्लॉकवर 65.5 मिलिसेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. 32 बिटांचा 71 मिनिटे पुरतो. संपर्क थरथरला तर एका फेऱ्याचे दोन-तीन पल्स होतात आणि पिरियड मोडमध्ये त्यातून भलताच वेग निघतो. सेकंदाला 3 मीटर प्रवाहातही फेऱ्याला 200 मिलिसेकंदांहून जास्त लागतात. तेव्हा पल्सनंतरचे 20 मिलिसेकंद बिनधास्त गाळा.

सगळ्यात घातक चूक उन्हाळ्यातली. पाणी थांबते, पल्स येतच नाही, आणि प्रोग्राम शेवटचा वेग पुन्हापुन्हा लिहीत राहतो. कोरड्या पात्रात कागदावर नदी वाहते. मिनिटभर पल्स आला नाही तर तशी स्पष्ट नोंद व्हायलाच हवी.

वाचकांना एक विनंती आहे. लॉगरमध्ये नुसता वेग साठवू नका. फेरे आणि ठोके, दोन्ही कच्चे आकडे जपून ठेवा. उद्या दुसऱ्या काठावरच्या अभियंत्याने हिशेब मागितला तर तेच त्याच्यापुढे ठेवता येतील.