घरची दुरुस्ती : मॅगव्हीलचा पांढरा गंज

गेल्या दिवाळीला आमचे जावई मोटार घेऊन निफाडला आले. अंगणात उतरता उतरताच म्हणाले, "मामा, मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याला उतरते. पंक्चरवाल्याला तीनदा दाखवलं, खिळा काही सापडत नाही." मी चाकाशी बसलो. मोटार जुनी घेतलेली, चाकं अलॉयची, ज्यांना गॅरेजवाले मॅगव्हील म्हणतात. कडेला रंगाखाली फोड आलेले. नखानं टोकरलं तर आतून पिठासारखी पांढरी भुकटी निघाली.

"जावईबापू, ही माती नव्हे, गंज आहे. आणि हवा तिथूनच जातेय."

गंज म्हटला की आपल्याला तांबडा डाग आठवतो. तो लोखंडाचा. मॅगव्हील बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे आपल्या घरातल्या जर्मनच्या पातेल्याच्या जातकुळीचं. त्या पातेल्यात आपण ताक किंवा चिंचेचा कोळ ठेवत नाही, आणि सोड्यानं घासलं की ते काळं पडतं. हवा लागली की या धातूवर आपोआप एक पातळ कवच धरतं, तेच त्याचं रक्षण करतं. जहाल आम्ल त्या कवचाला विरघळवतं, जहाल खारही विरघळवतो, आणि मीठ त्याला बारीक भोकं पाडतं. वरच्या रंगाला खडी लागून टवका उडाला की ओल आत शिरते आणि रंगाखालून अळीसारखी वाट काढत जाते.

शेतकऱ्याच्या चाकाला तर वैरी जास्त. डिकीत म्युरेट ऑफ पोटॅशची पोती नेता ना? ते एक प्रकारचं मीठच आहे. द्राक्षवाल्यांचं आणखी एक. बोर्डो मिश्रण झालं की आपण त्यात लोखंडी चाकू बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुना घाला. चाकूवर जे तांबं चढतं तेच अ‍ॅल्युमिनियमवरही चढतं, आणि ओल आहे तोवर त्या जागी धातू खात राहतं. चुना खार, तोही मित्र नव्हे. तेव्हा फवारणीच्या दिवशी मोटार बांधापासून लांब उभी करा, आणि शिंतोडे उडालेच तर त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवा.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक, संडासाचं अ‍ॅसिड, तारेची घासणी, यांतलं काही चाकाला लावू नका. मी एकदा फटफटीचं मॅगव्हील सोड्याच्या कढत पाण्यानं घासलं होतं. तासाभरात ते राखेच्या रंगाचं झालं, ते अजून तसंच आहे. चाक गार असताना अंगाच्या साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश एवढं पुरतं.

आता जावयांच्या चाकाचं. टायरात हवा भरून कडेला साबणाचं पाणी ओतलं. एका जागी बारीक बुडबुडे सुटू लागले. रिमच्या ज्या पट्टीवर टायर घट्ट बसतो, तिथं गंजानं खडबडीत झालं की ट्यूबलेस टायर धीमेपणानं हवा सोडतो. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. लेक नि नातू त्याच चाकावर आग्रा हायवेनं येतात, म्हणून मी हे सोडून दिलं नाही. टायर घरी काढू नका, हातोड्यानं तर मुळीच नाही. पंक्चरवाल्याच्या मशीनवर उतरवून घ्या, ती पट्टी नायलॉनच्या घासणीनं गुळगुळीत करा, जुना व्हॉल्व्ह बदला, आणि बसवताना कडेला सीलर लावायला सांगा. त्या पट्टीवर जाड रंग देऊ नका, तो सुटला की हवा पुन्हा जाते.

टायर उतरलेलाच आहे तर बाहेरचा रंगही करून घ्या. गाडीला तोवर स्टेपनी. सपाट जागा, हँडब्रेक, समोरच्या चाकाला दगड, मगच जॅक. फोड खरवडून काढा, चारशेचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून पांढरं संपेपर्यंत घासा, मग आठशेचा. कडा हाताला लागू नयेत. ओलं घासलं की धूळ उडत नाही. सुकवून थिनरच्या फडक्यानं पुसा, अ‍ॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर, वर चाकाचा रंग, शेवटी लॅकर. उघड्यावर, नाकाला मास्क, आणि थर पातळ. डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ दोन थरांमध्ये जाऊ द्या. घाई झाली की रंग ओघळतो.

एक गोष्ट मात्र जपा. चाकाची मागची बाजू जिथं हबला टेकते ती, आणि नटांच्या बैठकी, यांवर मास्किंग टेप लावून रंग अजिबात येऊ देऊ नका. तिथला रंग दाबानं चुरतो आणि नट ढिले पडतात. नट आळीपाळीनं, समोरासमोर आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पाना पुन्हा लावून बघायचा.

चाकाला चीर दिसली किंवा कड वाकली असेल तर वेल्डिंग करू नका. नवं चाक घ्या, पैसे गेले तरी. आणि ज्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेला असतो, त्याला घरी पेपर लावू नका, बिघडतं. ते काम तसं यंत्र असलेल्यानंच करावं.

गेल्या आठवड्यात जावयांचा फोन आला. दारालगतच्या खांबावरच्या पट्टीवर छापलीय तेवढी हवा भरली होती, महिना झाला तरी काटा तिथंच आहे. आता पुढच्या उजव्या चाकाला फोड दिसतोय म्हणतात.