दीर्घिकेचा जमाखर्च

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची रीत पाळणाऱ्या घरांना एक लाभ अनायासे होतो, त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. काळोख पडतो तेव्हा हात मोकळे असतात. पौष-माघातल्या संध्याकाळी फलटणमधील कोणत्याही गच्चीवर उभे राहिले की पूर्वेकडून मृग नक्षत्र वर चढताना दिसते. चार कोपऱ्यांवरील चार तारे म्हणजे हरणाचे पाय, आणि मधल्या तीन ताऱ्यांची तिरपी रेघ म्हणजे व्याधाने मारलेला बाण, हे आजीने नातवाला सांगितलेले असते. त्या बाणाच्या जवळच तीन-चार मंद ठिपक्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातील मधला ठिपका नीट निरखला तर तो ताऱ्यासारखा टोकदार न दिसता धुरकट दिसतो. तो तारा नव्हेच. तो सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा प्रचंड मेघ आहे आणि त्याच्या पोटात आजही तारे जन्मत आहेत.

या मेघाच्या मध्यभागी सूर्याच्या तीसपटींहून अधिक वस्तुमानाचा एक तरुण तारा आहे. तरुण तारा म्हटले की कोवळेपणा मनात येतो. येथे प्रकार नेमका उलटा आहे. असे भारी तारे जन्मतःच विलक्षण तप्त असतात. त्यांच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वायूचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला ताऱ्याचा वारा म्हणतात. २०१९ साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत या मेघाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानात बसवलेल्या ‘सोफिया’ या अवरक्त दुर्बिणीतून कार्बनच्या अणूंचा प्रकाश टिपून मेघाचा नकाशा तयार केला गेला होता. एकट्या त्या ताऱ्याच्या वाऱ्याने आपल्याभोवती एक बुडबुडा फुगवला आहे आणि त्या बुडबुड्याचे कवच सेकंदाला तेरा किलोमीटर वेगाने पसरते आहे, असे त्यातून दिसले. कवचात कोंडलेल्या वायूचे वस्तुमान सूर्याच्या हजारपटींहून जास्त भरते. ज्या मेघातून आपण जन्मलो तोच मेघ हा तारा दूर लोटतो आहे आणि भोवती नवे तारे घडण्याची शक्यता स्वतःच मोडून टाकतो आहे.

एका ताऱ्याची ही गोष्ट. असे हजारो तारे एका ठिकाणी, एकाच काळात जन्मले तर काय होते, हे सप्तर्षींच्या दिशेला असलेल्या एम ८२ या दीर्घिकेत पाहावयास मिळते. (दीर्घिका हा शब्द मराठी वाचकाला परिचित झाला तो बराचसा डॉ. जयंत नारळीकरांच्या लेखनामुळे. आपली आकाशगंगा ही अनेक दीर्घिकांपैकी एक.) एम ८२ सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीने तिच्यातील वायू मध्याकडे घुसळला गेला आणि तेथे तारे घडण्याचा वेग आकाशगंगेच्या सुमारे दहापट झाला. १९६३ साली लिंड्स आणि सँडेज या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या चकतीच्या वर आणि खाली हायड्रोजनचे लालसर धागे हजारो प्रकाशवर्षे दूरवर गेलेले दाखवले. दीर्घिकेच्या गाभ्यात एकच महाभयंकर स्फोट झाला असावा, असे त्या वेळी वाटले होते. पुढे उलगडले ते वेगळे होते. तेथे एक स्फोट नव्हता; अनेक ताऱ्यांचे वारे आणि एकामागून एक होणारे अतिनवताऱ्यांचे स्फोट मिळून तो प्रवाह चालला होता.

याचे कारण भारी ताऱ्यांच्या अल्पायुष्यात आहे. सूर्याचे आयुष्य सुमारे दहा अब्ज वर्षांचे. सूर्याच्या वीस-तीसपट भारी तारा मात्र आपले इंधन एक कोटी वर्षे पुरी होण्याआधीच उधळून टाकतो आणि स्फोट पावतो. ज्या पेठेत तो जन्मला तेथेच, भावंडांच्या घोळक्यात, तो मरतो. त्यामुळे हे स्फोट विखुरलेले राहत नाहीत. एकाच ठिकाणी, एकाच पिढीत होतात. त्यांचे बुडबुडे एकमेकांत मिसळून एक मोठा बुडबुडा बनतो. दीर्घिकेची वायूची चकती पातळ असते. बाजूंना वायू दाट, वर-खाली विरळ. तेव्हा फुगणाऱ्या बुडबुड्याला वाट सापडते ती वर आणि खाली. तापत्या दुधावरची साय जशी मध्यावर फुगून फुटते, तशी चकती फुटते आणि तप्त वायू बाहेर धावतो. तारकाजन्माची अशी लाट आलेल्या दीर्घिकांत, वर्षभरात जेवढ्या वस्तुमानाचे तारे घडतात तेवढा, कधी त्याहून अधिक वायू बाहेर फेकला जातो. लहान दीर्घिकांची ओढ दुबळी असल्याने त्यांचे नुकसान प्रमाणाने जास्त. मोठ्या दीर्घिकांत बराचसा वायू कारंज्याच्या पाण्यासारखा वर जाऊन पुन्हा चकतीवर पडतो. जाताना तो ताऱ्यांच्या पोटात शिजलेला प्राणवायू आणि लोहही घेऊन जातो.

हा अपव्यय आहे की उपकार? हिशेब मांडला तर उत्तर सोपे राहत नाही. आकाशगंगेतील दाट मेघ स्वतःच्या भाराने कोसळू लागले आणि त्यांना अडवणारे काहीच नसले, तर दरवर्षी शेकडो सूर्यांएवढे तारे घडावयास हवेत. प्रत्यक्षात घडतात एक-दोन सूर्यांएवढे. तरुण ताऱ्यांचा प्रकाश, वारे आणि स्फोट ही त्यामागची मोठी कारणे होत. भांडवल एका हंगामात संपू नये म्हणून कुणीतरी गल्ल्यावर बसावे, तसे हे काम चालते. फरक इतकाच की येथे गल्ल्यावर बसणाराच काही माल रस्त्यावर फेकतो.

आता प्रश्न उरतो तो विश्वाच्या एकूण वहीचा. सुमारे आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे घडण्याचा वेग सर्वांत जास्त होता. आज तो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला आहे. धंदा इतका का बसला? खर्च बेसुमार झाला, म्हणजे वाऱ्यांनी माल बाहेर उडवला, की नवी आवक थांबली? हे ठरवायचे तर त्या काळी गोदामात माल किती होता हे आधी कळले पाहिजे. ते मोजले गेले महाराष्ट्रातच. फलटणहून पुणे ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागले की नारायणगावजवळ खोडद आहे. तेथे आणि आसपासच्या परिसरात तारेच्या जाळीच्या, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. ही प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. हायड्रोजनचे थंड अणू एकवीस सेंटिमीटर तरंगलांबीची अत्यंत क्षीण रेडिओ लहर सोडतात. आठ अब्ज वर्षांच्या प्रवासात विश्व प्रसरण पावल्याने ती लहर ताणून जवळपास दुप्पट लांब होते.

एका दीर्घिकेची लहर इतकी मंद की ती ओळखूच येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी मग एक जुनी वाट धरली. एका खात्यात न दिसणारी रक्कम बेरजेत दिसते. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांची लहर एकत्र केली, आणि ती दिसली. १४ ऑक्टोबर २०२० रोजी हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आला. प्रा. स्वरूप त्याआधी जेमतेम महिनाभर, ७ सप्टेंबरला, निवर्तले होते.

बेरीज सांगते ती अशी. त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या तोडीचा. पण तारे घडण्याचा वेगही एवढा होता की नवा माल आला नाही तर एक ते दोन अब्ज वर्षांतच गोदाम रिकामे व्हावे. विश्वाच्या मानाने ही मुदत अगदी तोकडी. बाहेरून वायू पुरेसा येईनासा झाला म्हणूनच तारकाजन्म मंदावला असावा, असे या संशोधकांचे मत पडले. आवकेकडे बोट दाखवणारे हे मत वजनदार आहे. पण त्याने वाऱ्यांची जबाबदारी पुरती संपत नाही. बाहेर फेकलेला तप्त वायू दीर्घिकेभोवतीचा परिसरही तापवतो, आणि तापलेला वायू सहजी आत उतरत नाही. म्हणजे आवक थांबवण्यातही खर्चाचाच हात असू शकतो. या दोन कलमांची फोड अजून झालेली नाही.

फलटणच्या वाचकाला येथे पुद्गलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पूरण आणि गलन, एकत्र येणे आणि विलग होणे, हे ज्याचे धर्म ते पुद्गल, ही व्युत्पत्ती पाठशाळेत मुलांना सांगितली जाते. तरीही दुर्बिणीने आगमाला दुजोरा दिला असे म्हणण्याची घाई करू नये. विज्ञानाचे निष्कर्ष उद्या बदलतील, ते बदलण्यासाठीच असतात, आणि श्रद्धेला असल्या प्रमाणपत्राची गरजही नाही. आठवण काढायचीच तर ती गणिताची काढावी. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ताम्रपटांवर कोरला गेलेला आणि फलटणला जतन झालेला धवल ग्रंथ नवव्या शतकातील आचार्य वीरसेनांचा. अवाढव्य संख्या हाताळण्यासाठी त्यात अर्धच्छेद ही कल्पना वापरली आहे: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते मोजायचे. अब्जांच्या आकड्यांनी भांबावणाऱ्या नातवाला आजोबांनी ती रीत शिकवण्यास हरकत नाही. एक अब्जाचे अर्धच्छेद तीसही भरत नाहीत.

पुढचे मोजमाप मोठ्या दुर्बिणीचे आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही रेडिओ दुर्बीण उभी राहत आहे. भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तीत सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले असून भारताच्या बाजूने काम पुण्याच्या याच केंद्राच्या पुढाकाराने चालले आहे. आज जी लहर हजारो दीर्घिकांच्या बेरजेतच दिसते, ती तेव्हा एकेका दूरच्या दीर्घिकेची वेगळी वाचता यावी, अशी अपेक्षा आहे.