गॅरेजवाल्याचे दिवस भरलेले नाहीत

“आताच्या गाड्या म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला त्यातले काय कळणार? त्याचे दिवस भरले,” असे मत हल्ली सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, सेन्सर वाढले. नव्या चावीलाही कोडिंग लागते. नुसत्या पान्यावर आता भागत नाही. पण म्हणून गॅरेजच संपले, हे मला साफ अमान्य आहे.

मशीन बिघाड सांगते आणि ते मशीन कंपनीकडेच असते, हा या मताचा पाया. तोच कच्चा आहे. मशीन लक्षण सांगते, कारण नाही. माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड निघाला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचे एस्टिमेट हातात पडले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या स्कॅनरवरही तोच कोड आला. ते म्हणाले, “साहेब, पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढंच ह्यो सांगतोय. हवा कुठनं शिरतीया ते आपण हुडकायचं.” इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका व्हॅक्यूम पाइपपाशी क्लीनरचा हलका फवारा मारला. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलला. बोटाने वाकवल्यावरच दिसावी एवढी बारीक चीर होती. पाइप बदलला, दिवा गेला.

ही माणसे नवे शिकत नाहीत, हा दुसरा आक्षेप. ज्या हातांनी मारुती ८०० चा कार्ब्युरेटर धुतला, त्याच हातांनी पुढे एमपीएफआय इंजिनाचे इंजेक्टर साफ केले. त्यांना समोर आलेल्या गाडीनेच शिकवले.

अडते ते अकलेपाशी नाही, कुलपापाशी. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. माहिती कोंडायची आणि वर ‘याला येत नाही’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनीच दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मंजूर केला. आपल्याकडे २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल निघाले. पण पोर्टलला कायद्याचे दात हवेत.

एक गोष्ट मात्र गॅरेजवाल्यांनीही ऐकावी. इलेक्ट्रिक गाडीच्या शेकडो व्होल्टच्या केबलपाशी ‘करून बघू’ चालत नाही. तिथे रीतसर प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे हवेतच. महागडा स्कॅनर एकट्याला परवडत नसेल, तर चार गॅरेजांनी मिळून घ्यावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? त्या दिवशी मिस्त्रींनी पाइपचे आणि बसवण्याचे तेवढे पैसे सांगितले. तासभर शोधण्याचे काही लावलेच नाही. ते मी आग्रहाने दिले. शोधणे हीच आता खरी दुरुस्ती आहे. तिचे मोल आपण दिले, तर त्यातूनच पुढचा स्कॅनर येईल आणि पुढचे प्रशिक्षणही होईल.